विश्वस्त मंडळींनो, हात लावू द्या

प्रति,
खान्देशातल्या वृद्धाश्रमांची विश्वस्त मंडळं,
जळगाव, धुळे, नंदुरबार

सप्रेम नमस्कार.

आपल्यापैकी एका संस्थेचं परिपत्रक सध्या मोबाइलवरून सगळीकडे फिरतंय. संस्थेचं नाव आम्ही घेत नाही, कारण चार शब्द बदलून तोच कागद आता दुसरीकडेही सूचनाफलकावर लागलाय. कलमं थोडक्यात अशी आहेत. कर्मचाऱ्यांनी रहिवाशांना 'सेवेच्या गरजेपुरताच' हात लावावा आणि तोही हातमोजे घालून. भेटायला येणाऱ्यांनी भेटकक्षात टेबलाच्या पलीकडे बसावं, खोलीत जाऊ नये. बारा वर्षांखालच्या मुलांना आत आणू नये. डोक्याला तेल लावणं, पाय दाबणं, अंग चोळणं बंद. त्याऐवजी देणगीत मिळालेली मालिशची खुर्ची वापरावी. न्हाव्याचं येणं बंद. दाढी-केस ट्रिमरने उरकावेत.

हे पत्र लिहिणारे आम्ही परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि वृद्धाश्रमांत काम करणाऱ्या मावशी-मामा आहोत. म्हाताऱ्या माणसांना उठवणं, बसवणं, न्हाऊ-माखू घालणं, कूस बदलून देणं हे आमचं रोजचं काम. नियम तुम्ही करता, पाळावे आम्हाला लागतात आणि त्यांचं जे काय होतं ते रात्रपाळीत आमच्या समोर येतं. शिवाय आमच्यातल्या बहुतेकांची पोरं आज पुण्याला नाहीतर सुरतेला आहेत. उद्या त्या खाटांवर आम्हीच असणार, हेही आम्ही विसरलेलो नाही.

कागदामागची कारणं खोटी नाहीत, हे आधीच कबूल करतो. खरूज एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते. एखाद्याचा हात वावगा पडतो आणि तक्रार झाली की सगळी संस्था अडचणीत येते. एका मावशीच्या वाट्याला वीस-वीस माणसं असताना तेल लावायला वेळ कुठून आणायचा, हाही प्रश्न खराच. पण या तीन अडचणींपायी सगळ्यांचेच हात बांधून टाकणं म्हणजे ढेकणांपायी बाज जाळणं झालं. तिन्हींवर उपाय आहेत. ते पुढे लिहिले आहेत.

आधी हे बघा की तुमच्याकडे येईपर्यंत माणसाच्या अंगाला लागणारे किती हात आधीच कमी झालेले असतात. म्हातारपणी स्पर्श एकदम जात नाही, एकेक करून गळतो. आपल्या गावातल्या बाईचंच घ्या. कासार तिचा हात हातात घेऊन, बोटं दाबून, डझनभर बांगड्या चढवायचा. हळदीकुंकवाला शेजारणीचं बोट कपाळाला लागायचं. नवरा गेला की बऱ्याच घरांत आजही हे दोन्ही एकाच दिवशी बंद होतं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या बहिणी गळ्यात पडायच्या. त्या एकेक करून जातात. ओट्यावर बसून एकमेकींचं डोकं बघणाऱ्या जावा वेगळ्या गावी गेल्या. नातवंडं सुरतेला, ती कानबाईच्या रोटाच्या सणाला येतात आणि दोन दिवसांत परततात. पुरुषाचं त्याहून वाईट. बायको गेलेल्या आबा-नानांना आठवड्यातून नेमाने लागणारा हात एकच उरतो, न्हाव्याचा.

तो हात काय काय करतो ते जरा सावकाश बघण्यासारखं आहे. गरम पाण्याने गाल ओले करतो, ब्रशने फेस काढतो. मग अंगठ्याने कानशिलापाशी कातडी वर ताणतो, कारण म्हाताऱ्या गालाची कातडी सैल असते आणि ताणल्याशिवाय वस्तरा अडकतो. हनुवटी दोन बोटांत धरून मान वळवतो. शेवटी तुरटी फिरवतो आणि मानेचे दोन्ही बाजूंचे स्नायू दाबून देतो. पंधरा मिनिटं होतात, आणि त्यातली निम्मी गावच्या गप्पांची. ट्रिमरने हेच काम चार मिनिटांत होतं. वाचलेली अकरा मिनिटं कुणाच्या खात्यात जमा झाली, हे परिपत्रकात लिहिलेलं नाही.

हे सगळं भावनेपोटी चाललंय असं वाटत असेल, तर थोडं शरीराचं सांगतो. आपल्या केसाळ कातडीत, म्हणजे पाठ, खांदा, दंड, कोपराखालचा हात इथे, मज्जातंतूंची एक वेगळी जात असते. त्यांना सी-टॅक्टाइल तंतू म्हणतात. टोचलं, ओढलं, काही लागलं ही खबर नेणारे तंतू सेकंदाला कित्येक मीटर वेगाने धावतात; हे मात्र सेकंदाला साधारण एक मीटर अशा संथ चालीने जातात. त्यांना चेतवतो तो हळू फिरणारा हात, सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाचा. हात साधारण ३२ अंश सेल्सिअस, म्हणजे माणसाच्या कातडीइतका कोमट असेल तेव्हा ते सगळ्यात चांगलं उत्तर देतात. वेग वाढवला की उत्तर घटतं, गार वस्तू फिरवली की घटतं. कुठे, कशाचा स्पर्श झाला याचा हिशेब दुसरे तंतू ठेवतात. हे तंतू बरं वाटण्याचं काम बघतात.

२००६ साली अमेरिकेत जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ विवाहित बायकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये ठेवून, विजेचा हलका झटका बसणार अशी सूचना देऊन पाहिलं. नवऱ्याचा हात हातात असताना मेंदूतली धोक्याची खळबळ सर्वांत कमी होती. अनोळखी माणसाचा हात धरला तेव्हाही ती काही प्रमाणात उतरली. वृद्धाश्रमासाठी मोलाचं आहे ते दुसरं वाक्य. २०२४ साली १३० हून अधिक अभ्यास एकत्र करून झालेल्या विश्लेषणातही, मोठ्या माणसांच्या बाबतीत हात घरच्यांचा की आरोग्यसेवकाचा याने लाभात फारसा फरक पडला नाही. त्यातली आणखी दोन निरीक्षणं तुमच्या बैठकीत वाचून दाखवा. एक, स्पर्श किती वेळ चालला यापेक्षा किती वेळा झाला हे महत्त्वाचं. दोन, यंत्राच्या किंवा वस्तूच्या स्पर्शाने शरीराला आराम मिळतो, पण मनाला मिळणारा लाभ माणसाच्या स्पर्शाने जास्त होतो.

एक मर्यादाही सांगून टाकतो, म्हणजे आम्ही गंडेदोरे विकतोय असं वाटायला नको. हात धरला म्हणून सुरतचा मुलगा परत येत नाही. स्पर्शाने एकटेपण मुळासकट जात नाही, काही काळ हलकं होतं. म्हणूनच तो रोज लागतो. जेवण सुटलेलं, झोप उडालेली, 'आता पुरे' असं बोलणारं माणूस असेल तर त्याला डॉक्टरकडेच न्यायचं. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावरही बोलता येतं. तिथे मालिश पुरेशी नाही. पण एकटेपणाला किरकोळ समजण्याचे दिवस गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या अहवालात जगात सहापैकी एका माणसाला ते छळतं असं म्हटलंय आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडलाय.

आता तुमची कलमं.

हातमोज्यांचा नियम आरोग्याच्या नावाखाली केलाय, पण आरोग्याच्या नियमांतच तो बसत नाही. रक्त, लघवी, शौच, थुंकी, उघडी जखम किंवा तोंडाच्या आतली कातडी यांच्याशी संबंध येणार असेल तिथे हातमोजे हवेतच, आणि प्रत्येक माणसाला नवे. धडधाकट कातडीला हात लावायला ते लागत नाहीत. स्वच्छ धुतलेले हात लागतात. साबणाने ४० ते ६० सेकंद, किंवा सॅनिटायझर २० ते ३० सेकंद. तुमच्या नियमाने प्रत्यक्षात काय होतं? सकाळी एक जोडी चढवली जाते आणि तीच दहा खाटांवर फिरते. मोजे आहेत म्हणून मधे हात धुतले जात नाहीत. म्हणजे जी खरूज अडवायची होती, तिला गाडी मिळाली. आणि ज्याच्या अंगावर तो मोजा फिरतो त्याचं काय, तर ऐंशीच्या वयाची कातडी कागदासारखी पातळ नि कोरडी असते. रबर तिच्यावर सरकत नाही, चिकटून ओढलं जातं. मनगटापाशी आणि कोपराखाली कातडी सुटून येते ती अशा ओढण्यानेच.

भेटकक्षाचं टेबल. शाळेतून आणलेलं, तीन फूट रुंद. पाठीत पोक आलेल्या, खुर्चीत खचलेल्या माय-जिजीचा हात त्यावरून पलीकडे पोचत नाही. शहाद्याहून, चोपड्याहून एसटीने आलेली लेक अर्धा तास समोर बसते, बिस्किटचा पुडा टेबलावरून सरकवते आणि जाते. बँकेच्या खिडकीवर काम होतं तसं. शिवाय अर्ध्या रहिवाशांना कमी ऐकू येतं. टेबलापलीकडून ओरडून 'कशी शे माय?' विचारायचं आणि तिने चारचौघांत ओरडून सांगायचं, हे होत नाही. ती 'बरी शे' म्हणते आणि गप्प बसते. खाटेच्या कडेला बसून, हात हातात घेऊन, कानाशी बोललं की तीच बाई गुडघ्यापासून सुनेपर्यंत सगळं सांगते. भेटीत कळणाऱ्या दुखण्याखुपण्याच्या खबरा आम्हाला अशाच मिळत होत्या. त्या आता बंद झाल्यात.

लहान मुलांच्या बंदीबद्दल फार लिहीत नाही. सर्दी-ताप, गोवर-कांजिण्या, अंगावर पुरळ असलेलं मूल आणू नका, एवढी पाटी पुरे आहे.

मालिशची खुर्ची मात्र सोडवत नाही. देणगीदाराच्या भावनेचा मान आहे, पाटीही ठेवा. पण त्या खुर्चीचे फिरते गोळे माणसाचं हाड ओळखत नाहीत. म्हातारपणी, विशेषतः बायकांत, मणके ठिसूळ झालेले असतात. तिथे पाठीच्या कण्यालगत जोराचा दाब धोक्याचा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या माणसाच्या अंगावर काळेनिळे वळ उठतात. मधुमेहाने पायाची जाणीव गेलेल्याला पोटरीचा पट्टा किती आवळला ते कळतच नाही. आणि पुसायची राहून गेलेली ती रेक्झिन, मे महिन्यात घामाने निथळणारी, एकामागून एक चाळीस माणसं! संसर्गाची काळजी इथे कुणाला सुचली नाही, याचं नवल वाटतं.

आता ज्याचा परिपत्रकात पत्ताच नाही ते, म्हणजे हात लावायचा कसा. यात काही गूढ नाही, पण पद्धत आहे.

समोरून जायचं, मागून कधीच नाही. नाव घेऊन हाक मारायची आणि विचारायचं: 'नाना, हाताला तेल लावू का?' होकार शब्दानेच येईल असं नाही. हात पुढे केला, खांदा सैल सोडला तरी पुरे. ऐकू न येणाऱ्याच्या नजरेत आधी यायचं, मग दंडाला हलकेच हात. उभ्याने वाकायचं नाही, स्टुलावर बसून डोळे एका पातळीवर आणायचे. अंगठ्या, कडं, घड्याळ काढून ठेवायचं. नखं कापलेली हवीत, कारण कातडी फाटते ती नखाने नाहीतर अंगठीच्या खड्याने. हात गार असतील तर कोमट पाण्यात धरून पुसायचे. धुळ्याकडच्या पौष-माघातल्या पहाटे हे विसरलं की समोरचं माणूस दचकून हात आखडून घेतं आणि पुढचा सगळा वेळ वाया जातो.

तेल खोबरेल किंवा तिळाचं, दोन्ही हातांना मिळून एक छोटा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर. चाळीस रहिवाशांना रोज लावलं तर दिवसाला २०० मिलिलिटर, महिन्याला ६ लिटर. एवढाच त्याचा खर्च. तळवा सपाट, बोटं जुळलेली. कोपरापासून मनगटापर्यंत अंतर साधारण २५ सेंटिमीटर असतं. तेवढं उतरायला आठ सेकंद घ्यायचे. नवीन मुली दोन सेकंदांत उरकतात, म्हणून त्यांना मनात आठ मोजायला सांगायचं. दाब इतकाच की कातडी हाताबरोबर सरकू नये. एका हाताला पाच-सहा वेळा, मग हाताची मागची बाजू, मग दुसरा हात, शेवटी खांद्यावर तळवा क्षणभर ठेवून थांबायचं. एका माणसाला पाच मिनिटं. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा रोज पाच मिनिटं बरी.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात यात बदल लागतो. एप्रिल-मेत जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर जातो, तेव्हा तेलाचा थर घाम कोंडतो आणि घामोळं उठतं. त्या दोन महिन्यांत सकाळी आठच्या आत करायचं, तेलाचे दोन-चार थेंबच, किंवा तेलाऐवजी पिळलेलं ओलं फडकं घेऊन त्याच संथ चालीने हात-पाठ पुसायची. पायाला तेल लावलं तर उभं करण्याआधी तळवे कोरड्या कापडाने पुसून चपला घालायच्या. तेलकट पायाने फरशीवर पडून खुब्याचं हाड मोडतं, आणि मग स्पर्शालाच बोल लागतो.

कुठे हात लावायचा नाही, हे जास्त महत्त्वाचं. माकडहाड, टाच, खुबा इथे लाल डाग दिसला तर तो चोळायचा नाही. स्पिरिट-पावडर लावून चोळायची जुनी सवय अजून सर्रास आहे. तिथली कातडी आतून आधीच दबलेली असते. चोळल्याने आतल्या बारीक रक्तवाहिन्या आणखी फाटतात आणि जखम लवकर उघडते. तिथला भार काढायचा, कूस बदलायची, दर दोन तासांनी. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल तर मालिश अजिबात नाही. आत रक्ताची गुठळी असू शकते, तिला हलवायचं नसतं, डॉक्टरला बोलवायचं. मधुमेहींच्या पायाच्या बोटांच्या बेचक्यांत तेल नको, तिथे बुरशी धरते. उलट तेवढ्यात बेचकं उघडून चीर, फोड आहे का ते बघून घ्यायचं. अर्धांगवायूच्या माणसाला दुबळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. उठवताना खांद्याच्या पात्यामागे आणि कमरेला आधार.

स्मृतिभ्रंश झालेली माणसं कधी मनगट घट्ट धरून ठेवतात. जोर लावून सोडवलं की ती आणखी घट्ट धरतात आणि मारायला उठली म्हणून नोंद होते. आपला तळवा त्यांच्या तळव्याखाली सरकवायचा, म्हणजे पकड आपोआप सैल होते. पुढे घास भरवणं, चेहरा पुसणं हेही असं हाताखाली हात ठेवून केलं तर त्यांना वाटतं आपणच करतोय, आणि निम्मी भांडणं होत नाहीत.

आणि काहींना नकोच असतो. जन्मभर कुणी अंगाला हात लावू दिला नसेल, किंवा कधीतरी लागलेला हात वाईट असेल. कारण विचारायची गरज नाही. ओठ आवळले, मान फिरवली, हात आखडला, अंग ताठ केलं, हे सगळे नकारच. तिथे थांबायचं आणि नोंदवहीत लिहायचं, म्हणजे दुसऱ्या पाळीतली मावशी पुन्हा तोच आग्रह धरणार नाही. अशांसाठी शेजारी बसणं आहे, वाटाण्याच्या शेंगा एकत्र सोलणं आहे, अंगावर ओढायला चांगली जड गोधडी आहे.

तुमच्या तीन भीतींचं आता.

वावगा हात. तो बंदीने थांबत नाही; बंदीने चांगले हात थांबतात आणि वाईट हाताला दार लावायला आणखी एक कारण मिळतं. त्याला उजेड लागतो. तेल लावायचं ते व्हरांड्यात किंवा दार उघडं ठेवून. आंघोळ घालणारी व्यक्ती बाईला बाई, पुरुषाला पुरुष. कुणी, कुणाला, किती वाजता याची वहीत एक ओळ. हात, खांदा, पाठीचा वरचा भाग, डोकं आणि पाय सोडून इतर कुठे हात लावायचं कारण असेल तर ते कारण लिहायचं. आठवड्यातून एकदा बाहेरच्या कुणीतरी रहिवाशांशी एकट्याने बोलायचं. एल्डरलाइन या ज्येष्ठांच्या मदतवाहिनीचा १४५६७ क्रमांक प्रत्येक खोलीत, मोठ्या अक्षरांत, रहिवाशाला दिसेल अशा उंचीवर.

खरूज. ती आली की काही दिवस स्पर्श थांबवायचाच, त्याला आमची ना नाही. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात, म्हणजे एकाला खाज सुटेपर्यंत ती पसरलेली असते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने खोलीतल्या सगळ्यांना आणि हात लावणाऱ्या कर्मचाऱ्यांना एकाच रात्री ५ टक्के परमेथ्रिनचं मलम, मानेपासून पायापर्यंत, म्हाताऱ्यांत डोकं-कपाळही. आठ ते चौदा तास ठेवून धुवायचं, आठवड्याने पुन्हा. कपडे-चादरी गरम पाण्यात, किंवा पिशवीत आठवडाभर बांधून. लोक चुकतात ते दोन ठिकाणी: ज्याला खाज त्यालाच मलम लावतात, आणि औषधानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते ती बघून औषध लागू पडलं नाही असं समजतात. उपचार पुरे झाले की हात पुन्हा सुरू. वर्षभर मोजे कशाला?

वेळ. वीस माणसांना पाच मिनिटं म्हणजे शंभर मिनिटं, एका मावशीला हे जमणार नाही, हिशेब बरोबर आहे. पण निम्मं काम चालू कामात मुरवता येतं. कातडीला मॉइश्चरायझर लावायचंच असतं, ते संथ लावा. नाडी बघायचीच असते, मनगट पूर्ण मिनिटभर धरा आणि दुसरा हात वर ठेवा. वेणी घालायचीच असते. उरलेल्या निम्म्यासाठी माणूस लागेल, आणि ते मागणं आम्ही लपवत नाही.

म्हणून आमच्या मागण्या.

परिपत्रकातली हातमोजे, टेबल, मुलं, तेल आणि न्हावी यांबद्दलची पाचही कलमं मागे घ्या. हातमोजे कुठे लागतात आणि कुठे नाहीत याचा तक्ता लावा आणि प्रत्येक खोलीत साबण-पाणी द्या. भेटीला खाटेपर्यंत जाऊ द्या, आणि एसटीने येणाऱ्यांचा विचार करून सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा ठेवा. न्हावी दर आठवड्याला हवा. बायकांची वेणीफणी रोज, आणि कासाराला महिन्यातून एकदा बोलवा. बांगड्या कुणी भरायच्या हे ज्या त्या बाईला ठरवू द्या, विधवांना वगळायची यादी करू नका. दर पंधरा रहिवाशांमागे दिवसपाळीला एक जादा माणूस, निदान सकाळी दोन तास. प्रत्येक रहिवाशाच्या कागदपत्रात एक ओळ: स्पर्श चालतो की नाही, कुठे, कुणाचा. मालिशच्या खुर्चीवर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय कुणाला बसवू नका.

समाजकल्याण खात्यालाही एक विनंती आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम १९ मध्ये जिल्ह्यागणिक किमान १५० निराधार ज्येष्ठांची सोय होईल अशा वृद्धाश्रमाची तरतूद आहे आणि तिथल्या सेवांचे निकष सरकारने ठरवायचे आहेत. त्यात वैद्यकीय देखभाल आणि करमणूक यांचा उल्लेख आहे. रोजचा स्पर्श या दोन्हींच्या मधे कुठेतरी पडून राहतो. तपासणीला येता तेव्हा खाटा, संडास, टीव्ही मोजता. त्याच तक्त्यात एक रकाना वाढवा: न्हावी शेवटचा कधी आला, तेलाची वही आहे का, आणि भेटीला आलेलं माणूस खोलीपर्यंत जातं का.

विश्वस्त मंडळींनो, पुढच्या मासिक बैठकीत हा विषय घ्या आणि जे ठरेल ते कारणांसह लेखी द्या. कर्मचाऱ्यांना शिकवायला आम्ही येऊ, दोन दिवस, रोज तीन तास, मानधन नको. लागेल ती एक हवेशीर खोली, स्टुलं, वाटीभर खोबरेल, साबण, पाण्याची बादली आणि अंग पुसायची पाच-सहा कापडं. पहिल्या दिवशी निदान दोन विश्वस्तांनी स्वतः बसावं, कारण आठ सेकंद किती लांब असतात ते दुसऱ्याच्या हातावर करून बघितल्याशिवाय कळत नाही. तारीख कळवा.

आपले,
खान्देशातल्या परिचारिका, फिजिओथेरपिस्ट आणि वृद्धाश्रमांतल्या मावशी-मामा